हुकुमाचे वाचन : व्यवस्थापनाविषयीची कर्मचाऱ्याची धारणा आणि त्याची सर्जनशीलता
(झाशीतील दोन साक्षींच्या आधारे)

१. प्रास्ताविक

कचेरीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या माणसाची कल्पकता कशाने फुलते आणि कशाने खुंटते, हा प्रश्न सामान्यतः व्यवस्थापनशास्त्राच्या कक्षेतील मानला जातो. साहित्याच्या अभ्यासकाने त्याकडे वळावे, याला एक कारण आहे. गेल्या काही दशकांत त्या शास्त्रातील संशोधक ज्या निष्कर्षाशी येऊन पोहोचले आहेत, तो आपल्याला अपरिचित नाही. वरिष्ठाने काढलेला हुकूम सर्वांसाठी एकच असतो. परंतु त्यामागे कोणता हेतू आहे हे प्रत्येक कर्मचारी आपापल्या परीने ठरवीत असतो, आणि त्याच्या कामावर परिणाम होतो तो या ठरविलेल्या अर्थाचा. संहिता एक, वाचने अनेक, हा विचार आपल्या विद्याशाखेत रुळलेला आहे. व्यवस्थापनाची पद्धती हीसुद्धा एक संहिता आहे आणि कर्मचारी हा तिचा वाचक आहे, असे मानल्यास काय हाती लागते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

यासाठी झाशी हे शहर निवडले आहे. अर्धशतकाहून कमी अंतराने दोन माणसे उपजीविकेच्या निमित्ताने येथे राहिली. एक कोकणातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे. दुसरे रायबरेली जिल्ह्यातील दौलतपूरचे महावीरप्रसाद द्विवेदी. पहिल्यांनी मराठीत ‘माझा प्रवास’ लिहिला, दुसऱ्यांनी ‘सरस्वती’ मासिकाच्या द्वारे आधुनिक हिंदी गद्याला वळण लावले. एकाने राजवाड्याचा कारभार पाहिला, दुसऱ्याने रेल्वेच्या कचेरीचा. आपल्यावर सत्ता असणाऱ्यांविषयी आपले मत काय झाले, हे दोघांनीही पुढे लिहून ठेवले. अशी जोडसाक्ष एकाच ठिकाणी मिळणे दुर्मीळ आहे.

२. हुकूम आणि हेतू

प्रथम सैद्धांतिक बाजू थोडक्यात पाहू. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ तेरेसा अमाबिले यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग साहित्याच्या अभ्यासकास विशेष जवळचा वाटेल. त्यांनी ७२ लेखनेच्छू तरुणांना एकेक कविता लिहावयास सांगितली. नंतर त्यांतील एका गटाला लेखनाची आंतरिक कारणे, म्हणजे लिहिण्यातील आनंद, स्वतःला व्यक्त करण्याची ओढ इत्यादी, क्रमवार लावण्यास दिली. दुसऱ्या गटाला पैसा, कीर्ती, वरिष्ठांची मर्जी अशी बाह्य कारणे दिली. तिसऱ्या गटाला असे काहीच दिले नाही. त्यानंतर सर्वांनी दुसरी कविता लिहिली. बाह्य कारणांचा काही मिनिटे विचार करणाऱ्यांची दुसरी कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटली. प्रत्यक्षात कोणालाही पैसा दिलेला नव्हता, की धाक घातलेला नव्हता. आपण हे कशासाठी करीत आहोत, याची समजूत तेवढी हलली होती.

अमाबिले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली कार्यालयीन वातावरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या प्रकल्पांत कल्पक काम झाले आणि ज्यांत झाले नाही, त्यांची तुलना करताना त्यांनी कर्मचाऱ्यांना वातावरण कसे ‘वाटले’ हेच मोजले. आव्हानाची जाणीव, संस्थेचे व सहकाऱ्यांचे प्रोत्साहन, अंतर्गत अडथळे यांबाबतीत दोन्ही प्रकारच्या प्रकल्पांत ठळक फरक दिसला. कामाचा बोजा हा घटक मात्र तुलनेने क्षीण ठरला. काम किती आहे, यापेक्षा ते आव्हान वाटते की जाच, याला अधिक वजन असल्याचे यातून सूचित होते.

यापुढील पाऊल २००८ साली लिसा निशी, डेव्हिड लेपॅक आणि बेंजामिन श्नायडर यांनी टाकले. एका किरकोळ विक्रीसाखळीतील कर्मचाऱ्यांना त्यांनी विचारले की, तुमच्या संस्थेत नेमणुकीच्या, प्रशिक्षणाच्या, वेतनाच्या या पद्धती ‘का’ आहेत असे तुम्हांस वाटते? कामाचा दर्जा वाढावा आणि कर्मचाऱ्यांचे भले व्हावे म्हणून, असे ज्यांनी मानले, त्यांची संस्थेविषयीची बांधिलकी व समाधान अधिक होते. खर्च वाचावा आणि माणसाकडून जास्तीत जास्त काम पिळून घ्यावे म्हणून, असे ज्यांनी मानले, त्यांच्या बाबतीत उलट दिसले. त्यांचा अभ्यास सर्जनशीलतेवर नव्हता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तथापि ‘हेतूचे आरोपण’ ही त्यांची संकल्पना आपल्या कामाची आहे. कर्मचारी हुकुमाला हेतू चिकटवतो, आणि मग त्या हेतूला उत्तर देतो.

३. राजवाड्याचा कारभार : गोडसे भटजींची साक्ष

विष्णुभट गोडसे हे आजच्या अर्थाने कर्मचारी नव्हते. कर्जाने गांजलेल्या घरातून ते १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्या संकल्पित यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने. वाटेतच उठावाची वार्ता लागली. पुढे ते झाशीस आले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या आश्रयाने राहिले. १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये सर ह्यू रोज याने घातलेला वेढा, शहराचा पाडाव आणि त्यानंतरची लूट त्यांनी आत राहून पाहिली. आश्रित भिक्षुकाचे स्थान नोकराहूनही परावलंबी असते. यजमानाच्या मर्जीचा अर्थ लावीत राहणे हाच त्याच्या चरितार्थाचा भाग असतो. म्हणून कारभार ‘वाचणारा’ या नात्याने गोडसे यांची साक्ष मोलाची आहे.

त्यांच्या वर्णनात राणीच्या दिनक्रमाला बरीच जागा आहे. पहाटेचा व्यायाम, स्नान, पूजा, आणि तिसऱ्या प्रहरी कचेरी. प्रकरण ऐकताच त्यातील मर्म राणीच्या ध्यानी येई, ती ताबडतोब निर्णय देई आणि प्रसंगी स्वतःच्या हाताने हुकूम लिही, असे ते सांगतात. वेढ्याच्या दिवसांत गोळ्यांनी पडलेला तट रात्रीच्या अंधारात कांबळी पांघरलेल्या गवंड्यांनी पुन्हा बांधून काढला, ही हकीकत त्यांनी नोंदविली आहे. जखमींजवळ राणी स्वतः जात असे, हेही त्यांच्या नजरेतून सुटलेले नाही.

गवंड्यांचा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. तोफांच्या माऱ्यात उघड्यावर भिंत रचणे हे कोणाही मजुराला सांगता येण्याजोगे काम नव्हे. काळोख आणि कांबळी यांचा आडोसा घेऊन ते पार पाडणे, ही अडचणीतून काढलेली युक्ती आहे. कामातील सर्जनशीलता म्हणजे बहुधा अशीच एखादी युक्ती असते. ती कोणाला सुचली हे कळण्यास मार्ग नाही. परंतु गोडसे ज्या क्रमाने सांगतात त्यावरून एवढे दिसते की, हुकूम देणारी व्यक्ती त्याच तटाच्या आत, त्याच धोक्यात होती, आणि ही गोष्ट सर्वांस माहीत होती. तेथे हुकुमाचा हेतू शोधत बसण्याची गरजच नव्हती.

गोडसे यांच्या स्वतःच्या लेखनाचे काय? ज्या दक्षिणेसाठी ते निघाले होते, ती लुटीत गेली. घरी परतताना त्यांच्यापाशी गंगोदक होते आणि आठवणी होत्या. सुमारे पाव शतकाने, १८८३ च्या सुमारास, चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनी त्या लिहून काढल्या. वैद्यांनी संस्कार करून १९०७ साली त्या प्रसिद्ध केल्या. मूळ हस्तलिखिताबरहुकूम असलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ साली निघाली. बाह्य लाभाची आशा पूर्णपणे संपल्यानंतर हे गद्य जन्मले, ही बाब अमाबिले यांच्या प्रयोगाशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. मात्र तिच्यावरून नियम काढणे घाईचे होईल. भटजींना लिहिण्याजोगे काही दिसले, ते दक्षिणेच्या शोधात घर सोडल्यामुळेच, हेही विसरता येत नाही.

४. रेल्वेची कचेरी : द्विवेदींची साक्ष

१८५३ साली गंगाधररावांच्या निधनानंतर झाशी संस्थान खालसा झाले. वेढ्यानंतर सुमारे तीन दशकांत हे शहर इंडियन मिडलंड रेल्वेचे केंद्र बनले. १९०० साली त्या रेल्वेचा कारभार ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे गेला. राजवाड्याच्या जागी आता कचेरी होती आणि यजमानाच्या जागी साहेब.

महावीरप्रसाद द्विवेदी (१८६४–१९३८) मुंबईत तारकाम शिकून रेल्वेत लागले आणि निरनिराळ्या स्थानकांवर काम करीत झाशीस आले. तेथे त्यांनी तार विभागात निरीक्षक म्हणून व नंतर वाहतूक अधीक्षकांच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून काम केले. मुंबईच्या सहवासाने त्यांना मराठी अवगत झाली. मराठी कवितेतील संस्कृत वृत्तांचा वापर पाहून त्यांनी हिंदीत तसा प्रयत्न केला, ही गोष्ट रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या साहित्येतिहासात नोंदविली आहे. तौलनिक अभ्यासकास हा धागा ठाऊक असतो. त्या काळात द्विवेदी कचेरीतही काहीतरी नवे करीत होते, हे मात्र फारसे लक्षात घेतले जात नाही. तारयंत्राच्या कामावर त्यांनी इंग्रजीत एक पुस्तक लिहिले आणि तारेने गाडीला मार्ग मोकळा असल्याची खूण देण्याच्या पद्धतीत सुधारणा घडविण्यास हातभार लावला. म्हणजे या माणसाची कल्पकता एकाच वेळी दोन ठिकाणी चालू होती : दिवसा कचेरीत, फावल्या वेळी साहित्यात.

पुढील प्रसंग त्यांनी उतारवयात लिहिलेल्या ‘मेरी जीवन-रेखा’ या आत्मकथनपर लेखात सांगितला आहे. दिल्ली दरबाराच्या धामधुमीत (१९०३) साहेब क्लबात रमलेले असत आणि द्विवेदी आपल्या लहानशा घरात रात्र रात्र जागून, येणाऱ्या तारांना उत्तरे देत, खास गाड्यांची व्यवस्था लावीत. याबद्दल त्यांना मोबदला मिळाला नाही, तरी त्यांनी हे काम केले. पुढे त्याच साहेबाने हुकूम काढला की, द्विवेदींनी अमुक इतक्या कारकुनांना घेऊन रोज सकाळी आठ वाजता कचेरीत यावे आणि दहाच्या ठोक्याला कागद तयार ठेवावेत. द्विवेदींनी उत्तर दिले की, आपण स्वतः येऊ. पण इतरांना येण्याची सक्ती आपण करणार नाही. गोष्ट वाढली आणि त्यांनी राजीनामा दिला. तो परत घ्यावा म्हणून मनधरणी झाली तेव्हा त्यांनी पत्नीचा सल्ला विचारला. तिने टाकलेले पुन्हा उचलू नये असे बजावले. सुमारे २०० रुपयांची नोकरी गेली. ‘सरस्वती’कडून मिळत ते महिना २० रुपये आणि टपालखर्चाचे ३ रुपये.

बाह्यतः पाहता दोन्ही मागण्या एकाच जातीच्या आहेत : ठरलेल्या वेळेबाहेरचे, बिनमोबदल्याचे काम. किंबहुना रात्रीच्या जागरणापेक्षा सकाळचे दोन तास सोपे. तरीही पहिली मागणी त्यांनी पुरी केली आणि दुसरीपाशी नोकरी सोडली. हा फरक कामाच्या प्रमाणात नाही. हुकुमाला दिलेल्या अर्थात आहे. दरबाराच्या वेळचे काम त्यांनी आपल्या कर्तबगारीची कसोटी म्हणून वाचले. गाड्या वेळेवर निघणे हा त्याचा हेतू होता आणि तो त्यांना पटण्याजोगा होता. दुसऱ्या हुकुमात त्यांना असे दिसले की, आपल्या हातून इतरांवर जुलूम करवून घेतला जात आहे. स्वतःवरचा बोजा त्यांनी सोसला असता. दुसऱ्यावर बोजा टाकण्याचे साधन होणे त्यांना मान्य झाले नाही. कर्मचारी व्यवस्थापनाचा अर्थ लावतो तेव्हा तो केवळ ‘माझे काय’ असे विचारीत नाही, ‘मला काय बनविले जात आहे’ असेही विचारतो. प्रश्नावलीच्या चौकटीत हा दुसरा प्रश्न सहसा बसत नाही. आत्मकथनात तो बसतो, आणि साहित्याच्या अभ्यासकाने या चर्चेत घालावयाची भर कदाचित हीच आहे.

येथे एक पद्धतिविषयक शंका घेता येईल. ही हकीकत एकतर्फी आहे, पुष्कळ वर्षांनंतर सांगितलेली आहे, आणि साहेबांची बाजू आपल्यासमोर नाही. शंका रास्त आहे. परंतु साहेबांचा खरा हेतू काय होता, हे ठरविणे हा आपला विषयच नव्हे. कर्मचाऱ्याने तो काय मानला, हाच येथे पुरावा आहे.

५. सर्जनशीलतेचे स्थलांतर

झाशीतच द्विवेदींना दुसऱ्या प्रकारचा वरिष्ठही भेटला. अलाहाबादच्या इंडियन प्रेसने काढलेल्या एका हिंदी पाठ्यपुस्तकावर त्यांनी कठोर टीका लिहिली. प्रेसचे मालक चिंतामणी घोष यांनी रागावण्याऐवजी या टीकाकाराला आपल्या ‘सरस्वती’चे संपादकपद देऊ केले. १९०० साली सुरू झालेले हे मासिक १९०३ च्या जानेवारीपासून द्विवेदींकडे आले आणि १९२० पर्यंत बहुतांश काळ त्यांच्याकडे राहिले. कारकुनाचा स्वतंत्र बाणा एका ठिकाणी अवज्ञा ठरला, दुसऱ्या ठिकाणी पात्रता. जाच वाटणाऱ्या व्यवस्थापनाने कर्मचाऱ्याची सर्जनशीलता नष्ट होते, असे ढोबळमानाने म्हटले जाते. या उदाहरणात ती स्थलांतर करून गेली. हानी झाली ती कचेरीची. तारयंत्राचे पुस्तक लिहिणारा माणूस तिने गमावला.

मराठी वाचकाला यावरून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सरकारी शाळेतील शिक्षक असतानाच त्यांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली, रत्नागिरीस बदली झाल्यावरही ती चालविली, १८७९ साली नोकरी सोडली आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल उघडले. मालेचा बराच मोठा भाग नोकरीत असताना लिहिला गेला, हे सत्य आपल्या विवेचनाला आवश्यक ती पुरवणी जोडते. खात्याविषयीच्या प्रतिकूल मताने त्यांची लेखणी खुंटली नाही, उलट तिला धार आली. मात्र ती धार खात्याच्या उपयोगी पडली नाही. गंगाप्रसाद अग्निहोत्री यांनी या निबंधांतील काहींचा हिंदी अनुवाद ‘निबंधमालादर्श’ या नावाने केला, आणि तो द्विवेदीयुगाच्या उंबरठ्यावर हिंदीत पोहोचला. दोन्ही भाषांतील निबंध नोकरी सोडलेल्या माणसांनी घडविला, हा योगायोग म्हणून सोडून देण्याजोगा नाही.

६. हुकूम देणारा द्विवेदी

या कथेचा उत्तरार्ध दृष्टिआड केल्यास विवेचन एकांगी होईल. संपादक झाल्यावर द्विवेदी स्वतः वरिष्ठ झाले. आलेल्या लेखांचे वाक्यन् वाक्य ते दुरुस्त करीत. त्यांच्या हातच्या खाडाखोडीने भरलेली ‘सरस्वती’ची हस्तलिखिते काशीच्या नागरी प्रचारिणी सभेत जपून ठेवलेली आहेत. ही व्यवस्थापनाची पद्धतीच होती, आणि तिचीही वाचने निरनिराळी झाली.

झाशी जिल्ह्यातील चिरगावच्या मैथिलीशरण गुप्तांनी ती गुरूचा हात म्हणून वाचली. द्विवेदींनी १९०८ मध्ये टोपणनावाने लिहिलेल्या लेखात, कवींनी ऊर्मिलेची उपेक्षा केली अशी तक्रार मांडली होती. गुप्तांच्या ‘साकेत’ (१९३१) महाकाव्यात ऊर्मिला केंद्रस्थानी आली. एका सूचनेतून एवढे मोठे काव्य उभे राहिले, कारण सूचना करणाऱ्याचा हेतू कवीच्या मनात निःशंक होता. बाळमुकुंद गुप्तांनी मात्र हीच शिस्त हेकेखोरपणा म्हणून वाचली. भाषा व व्याकरण या विषयावर द्विवेदींनी १९०५ साली लिहिलेल्या लेखातील ‘अनस्थिरता’ या एका शब्दावरून त्यांनी ‘भारतमित्र’ पत्रात ‘आत्माराम’ या नावाने चालविलेला वाद हिंदीत गाजला. त्या वादातून उपरोधिक गद्याचा एक उत्तम नमुना निपजला, हा भाग वेगळा. पुढे निराला यांची ‘जुही की कली’ ही मुक्तछंदातील कविता ‘सरस्वती’कडून परत आल्याची हकीकत सर्वपरिचित आहे. निराला अर्थातच थांबले नाहीत. त्यांची कविता दुसरीकडे गेली.

झाशीच्या कचेरीत हुकुमाचा अर्थ इतक्या सूक्ष्मपणे लावणाऱ्या माणसाला आपल्या लेखणीची खूण दुसरा कसा वाचील, हे दरवेळी उमगले असे दिसत नाही. हा दोष एका व्यक्तीचा नसून त्या स्थानाचा आहे. हुकूम देणाऱ्याला आपला हेतू स्पष्टच दिसत असतो. डेव्हिड बोवेन आणि शेरी ऑस्ट्रॉफ यांनी २००४ साली असे प्रतिपादन केले की, संस्थेची धोरणे सुस्पष्ट, सुसंगत आणि वरिष्ठांत एकवाक्यता असलेली असतील, तरच कर्मचारी त्यांचा समान अर्थ लावतात. एरवी प्रत्येक जण आपल्या अनुभवाच्या उजेडात वाचतो.

७. समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. व्यवस्थापनाच्या पद्धतीचा सर्जनशीलतेवर होणारा परिणाम त्या पद्धतीच्या वाचनातून जातो. म्हणून एकच मागणी एकदा उमेद वाढविते आणि एकदा राजीनामा देववते. या वाचनात स्वतःच्या लाभहानीइतकेच, आपण कशाचे साधन होत आहोत याचे भान असते. आणि प्रतिकूल वाचनाने सर्जनशीलता नेहमीच विझत नाही. ती जाऊ शकेल तेथे जाते.

या शेवटच्या विधानातील ‘जाऊ शकेल’ हे शब्द मात्र जपून वाचावयास हवेत. चिपळूणकरांजवळ ‘निबंधमाला’ होती, द्विवेदींजवळ ‘सरस्वती’ होती आणि कमी पैशांत संसार करण्यास तयार असलेली सहधर्मचारिणी होती. ज्या कारकुनांना सकाळी आठ वाजता बोलाविण्याचा तो हुकूम होता, त्यांच्याजवळ काय होते? त्यांच्यासाठी एका माणसाने नोकरी सोडली. दुसऱ्या दिवसापासून ते आठला येऊ लागले की दहाला, हे ‘जीवन-रेखा’ सांगत नाही, आणि त्यांपैकी कोणी आपली हकीकत लिहिल्याचे प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. कांबळी पांघरून भिंत रचणाऱ्या गवंड्यांचीही नावे गोडसे भटजींना ठाऊक असतील, तर ती कागदावर आलेली नाहीत. आपण ज्या साक्षी अभ्यासतो त्या, सोडून जाता आलेल्यांच्या किंवा परत येता आलेल्यांच्या आहेत. जे कचेरीतच राहिले, त्यांनी हुकूम कसा वाचला असेल, हा प्रश्न साहित्याच्या इतिहासालाही विचारावयास हवा.